अंजना झोपली आहे

विश्रामबाग, सांगली
४ डिसेंबर १९७७

श्रीमती मेहरुनबी वजीर मुल्ला, सातारा, यांस,

नमस्कार. हे हस्ताक्षर पाहून आपणांस आश्चर्य वाटेल, कदाचित रागही येईल. तरी पत्र शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आरंभीच करतो.

चि. कुमुदचा विवाह निश्चित झाला आहे. मुलगा विट्याचा, नाव कृष्णात. त्याच्या वडिलांचे सोने गाळण्याचे दुकान मदुरेस आहे. विवाहानंतर कुमुद तिकडे जाईल आणि वर्षातून एकदा येईल, असे ठरते आहे. लग्न रविवार, दि. २६ फेब्रुवारी रोजी, सांगलीतच आहे.

कुमुदने माझ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. तिची मागणी एकच आहे. पाहुण्यांना निघताना लाडू-चिवड्याची पुडी न देता तिच्या आईने कबूल केलेल्या, चॉकलेटात बुडवलेल्या आल्याच्या वड्या द्याव्यात, माणशी दोन. आपण आमच्या शेजारी राहत होतात त्या काळी, कुमुद दहा वर्षांची असताना, अंजनाने तिला तसा शब्द दिला होता. फौजेच्या मेसमधून रजेवर येताना वजीरभाईंनी चॉकलेटची लादी आणली होती आणि आपण दोघी आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर हसत बसला होतात. मी त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासत होतो. मी दोनदा भिंतीवर टकटक केली होती, हेही मला आठवते.

अंजनाची पाककृतींची वही अत्यंत व्यवस्थित आहे. प्रत्येक पदार्थाचे प्रमाण आहे. फक्त एका पानावर एवढेच लिहिले आहे: ‘चॉकलेटातले आले – मेहरुन सांगेल तसे.’

तरी कृपया प्रमाण, उष्णता आणि वेळ यांचे आकडे कळवावेत. मी रसायनशास्त्राचा अध्यापक असल्याने आकडे मिळाल्यास अडचण पडणार नाही.

अंजनाच्या आजारपणात आपला उभयतांचा पत्रव्यवहार खंडित झाला. टपालात पत्रे गहाळ होतात, हे आपण जाणताच. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये, असे मला वाटते.

आपला विश्वासू,
मानसिंग आप्पासो घोरपडे

•

विश्रामबाग, सांगली
१९ डिसेंबर १९७७

श्रीमती मेहरुनबी यांस,

पंधरा दिवस झाले, आपले उत्तर नाही. पत्र पोहोचले नसावे असे धरून पुन्हा लिहीत आहे.

दरम्यान मी स्वतः प्रयत्न केला. सातारी आले आणून किसले, साखर व दूध घालून मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत आटवले, ताटात थापून वड्या पाडल्या. चॉकलेटची लादी एका सहकाऱ्याने पुण्याहून आणून दिली. ती गरम पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात वितळवली. तापमापक लावला होता. अंजना वड्या बुडवण्यासाठी तिची विणकामाची सुई वापरत असे, हे मला ठाऊक होते. ती सुई तिच्या टोपलीत, अर्धवट विणलेल्या मोज्यात, खोचलेली होती. काढताना चार टाके सुटले. ते मला पुन्हा घालता आले नाहीत.

त्या संध्याकाळी वड्या उत्तम दिसत होत्या. सकाळी पाहतो तो प्रत्येक वडीच्या सुईच्या भोकातून आल्याचा पाक पाझरलेला आणि वरचे कवच भेगाळून सुटलेले. चाळीसपैकी चाळीस. दुसऱ्या खेपेस वाफेचे थेंब पातेल्यात पडले असावेत. सगळे चॉकलेट पाहता पाहता ओल्या मातीसारखे रवाळ झाले.

माझ्या थोरल्या वहिनी अंबूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांनी ताट पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“भावजी, लगीनघरातला पयला गोड जिन्नस सवाशिणीच्या हातनं व्हायचा असतोय. पाच जणींनी मुहूर्त करायचा. तुमी एकटंच बसलाय व्हय काळं काळं बुडवीत? चांगलं कसं हुईल?”

मी त्यांना म्हणालो, की यात मुहूर्ताचा संबंध नाही, ओलाव्याचा आहे. त्या म्हणाल्या, “आसंल. पर वलावा गेला का?”

तो गेलेला नाही, हे खरे.

एक गोष्ट पत्रात लिहिण्याजोगी नाही, पण याविषयी बोलण्यास मला दुसरे कोणी नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा मी रोज सकाळी सरळ करतो. साडेअकराच्या सुमारास पाहावे, तर त्याचा डावा कोपरा वर मुडपलेला असतो. कापडाला जुनी घडी पडली की ते आपोआप तसे वळते, यात अस्वाभाविक काही नाही. मात्र मी पडदा दोनदा इस्त्रीही केला आहे.

कृती कळवावी. वड्या सहाशे लागतील.

आपला,
मानसिंग घोरपडे

•

विश्रामबाग, सांगली
३ जानेवारी १९७८

श्रीमती मेहरुनबी यांस,

आपले कार्ड मिळाले. त्यातील मजकूर मी येथे पुन्हा उतरतो, म्हणजे मी तो नीट वाचला याची आपणांस खात्री पटेल.

‘सर, तुमची दोनी पत्रं पोचली. टपाल काय गहाळ करत न्हाई. अंजनाला मी सात पत्रं टाकली. एकाचं बी उत्तर आलं न्हाई. आदी त्या सातांचं सांगा, मग आल्याचं सांगते.’

याचे उत्तर असे, की एप्रिल पंच्याहत्तरनंतर अंजनाची प्रकृती खालावत गेली होती. मधुमेहाने तिची दृष्टी अधू झाली होती. मूत्रपिंडे काम करीत नव्हती. लिहिण्याचे श्रम तिला झेपण्यासारखे नव्हते. आपण रागावणे साहजिक आहे, परंतु आजारी माणसाकडून पत्रोत्तराची अपेक्षा धरू नये.

येथपर्यंत लिहून मी पत्र पाकिटात घालणार होतो. ते दोन दिवस टेबलावर पडून राहिले, कारण मधल्या काळात कुमुद पुण्याहून सुटीवर आली. ती तेथे बी.एड. करते आहे.

तिने फसलेल्या वड्यांतील एक उचलून तोंडात टाकली आणि हसली. “आबा, हे आईचं नव्हे, पण जवळपास आलंय. मेहरुनमावशीला विचारलंत?”

“पत्र पाठवले आहे,” मी म्हणालो.

“ती उत्तर नाही द्यायची. आईलासुद्धा कुठं दिलं?” ती खिडकीपाशी गेली आणि पडद्याचा डावा कोपरा वर मुडपून बाहेर पाहू लागली. “आई रोज अशी उभी राहायची. साडेअकराला पोस्टमनची घंटा वाजली की. भिंतीला धरून यायची इथपर्यंत. तो पुढं गेला की म्हणायची, बेकरी चालवायची म्हणजे काम फार असेल मेहरुनला. शेवटी शेवटी म्हणाली, विसरली असेल. चालायचंच.”

मी तेव्हा साडेअकराला महाविद्यालयात असे. अंजना खिडकीपाशी येत होती, हे मला ठाऊक नव्हते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर वर दिले आहे. ते पुरेसे आहे की नाही, हे आपण ठरवावे.

मानसिंग घोरपडे

•

विश्रामबाग, सांगली
१५ जानेवारी १९७८

मेहरुनबी,

आपले दुसरे कार्ड आले. त्यावर एकच ओळ आहे: ‘पुरेसं न्हाई.’

ते बरोबर आहे. आता लिहितो.

आपली सातही पत्रे आली. सातही माझ्या हाती पडली, कारण मी नाथाजी पोस्टमनला सांगून ठेवले होते, की साताऱ्याचा शिक्का असलेले टपाल घरी न देता महाविद्यालयात द्यावे. ती प्रयोगशाळेतील माझ्या कपाटात, जर्नलांच्या गठ्ठ्याखाली आहेत. एकही उघडलेले नाही. दुसऱ्याच्या नावचे पत्र उघडणे असभ्य आहे, असे मला शिकवले गेले आहे. आणि मी ते पाळले याचे मला, खरे सांगतो, आजवर समाधान वाटत आले. माणूस कशाकशात समाधान मानतो, पहा.

कारण सांगतो. समर्थन म्हणून नव्हे.

पंच्याहत्तरच्या मार्चमध्ये आपण डब्यातून वड्या पाठवल्या होत्या. बारा. डॉक्टरांनी अंजनाला साखरेचा कणही वर्ज्य केला होता. चौथ्या दिवशी ती बेशुद्ध पडली आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. मी घरी येऊन डबा उघडला. नऊ वड्या होत्या. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला म्हणालो, “तीन खाल्ल्यास.” ती म्हणाली, “नाही.” मी म्हणालो, “मी मोजल्या आहेत.” त्यावर ती काही बोलली नाही. तिचे न बोलणे ही मी कबुली समजलो.

त्या दिवशी मी ठरवले, की ही मैत्री तिचा जीव घेईल. ज्या घरात दोन बायकांनी एकमेकींना पाहताच हसायला सुरुवात केली, त्या घरात पथ्य टिकणार नाही, असे माझे मत झाले होते.

आणि जुलैमधला तो गुरुवार. आपण साताऱ्याहून एस.टी.ने आलात. फाटकाशी उभ्या राहून विचारलेत, “सर, अंजना जागी हाय का?” मी फाटक उघडले नाही. म्हणालो, “अंजना झोपली आहे. उठवता येणार नाही.” आपण म्हणालात, “बसते की मी, उठंस्तवर.” मी म्हणालो, की आपण जावे हे बरे.

अंजना जागी होती. मी आत गेल्यावर तिने विचारले, “कोण होतं?” मी सांगितले, “कोणी नाही.”

त्यानंतर ती तेवीस दिवस जगली.

हे मी कुमुदला सांगितलेले नाही. दुसऱ्या कोणालाही नाही. आपली पत्रे आपली आहेत. आपण म्हणाल त्या रीतीने, नोंदणीकृत टपालाने, परत पाठवतो. वड्यांची कृती मागण्याचा अधिकार मला उरलेला नाही, हे समजतो. पाहुण्यांना लाडू-चिवडा देता येईल. कुमुदला काय कारण सांगावे, ते तेवढे सुचत नाही.

मानसिंग घोरपडे

•

विश्रामबाग, सांगली
९ फेब्रुवारी १९७८

मेहरुनबी,

आपण सांगितल्याप्रमाणे केले. त्याचा वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

आपण लिहिलेत: ‘माझी पत्रं परत नकोत. ती माझी न्हाईतच, अंजनाची हायत. तिला वाचून दावा. रोज एक. ती जिथं बसायची तिथं तिचा पाट मांडा आन मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचायचं न्हाई. आल्याची कृती सातव्यात हाय. आदी सातवं फोडलं तर मला इकडं कळंल.’

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. सातव्या पाकिटाला आधी हात लावल्याने साताऱ्यास काही कळणार नाही, हे मी जाणतो. तरी लावला नाही.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी चुलीच्या उजव्या बाजूस, जेथे बसून ती पोळ्या लाटत असे, तेथे पाट मांडला आणि समोर भिंतीला टेकून बसलो. पहिले वाक्य उच्चारण्यास मला बराच वेळ लागला. एकट्या घरात स्वतःचा आवाज काढणे हे फार विचित्र असते. आपल्या भाषेत बोलणे तर त्याहून. ‘अंजे, कशी हायस गं? तुजा सर अजून चहात साखर मोजून घालतो का?’ हे वाक्य मी माझ्या तोंडाने, पाटाकडे पाहून, मोठ्याने म्हटले.

मग पुढचे वाक्य आले, आणि माझे वाचन थांबले.

‘तुजं पत्र कुमुदनं टाकल्यालं पोचलं. तीन वड्या सरांच्या दुपारच्या डब्यात घातल्यास, कागदात गुंडाळून, आन घरी आल्यावर ते चांगली म्हनं ना, वाईट म्हनं ना! मला वाचून लय हसू आलं. अगं, त्यांना कळलंच नसंल. फुडच्या खेपंला वडीवर नाव लिहून दे, म्हंजी तपासून मार्क तरी देतील.’

मी ते तीनदा वाचले. मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळेतील शिपाई हरिबा यास विचारले. त्याला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

“व्हय की, सर. तीन काळ्या वड्या. तुमी डबा उघाडला, वास घेतला आन म्हटला, ‘हरिबा, हे घेऊन जा, मला गोड चालत नाही.’ आल्याचा झणका आसा, की माजं पडसं तिथल्या तिथं पळालं. एक नातीला नेली. वैनींना सांगा म्हटलं व्हतं मी तुमाला, लय झकास झाल्यात म्हनून. सांगितलं न्हवं का?”

मी त्याला होय म्हणालो.

आता मी सतत एकच विचार करतो. इस्पितळात मी ‘तीन खाल्ल्यास’ म्हणालो तेव्हा ‘तुमच्या डब्यात घातल्या होत्या’ एवढे चारच शब्द तिला बोलता आले असते. तिने का सांगितले नाही? एक शक्यता अशी, की मी त्या कोणाला तरी देऊन टाकल्या असणार हे तिने त्याच क्षणी ओळखले, आणि ते माझ्या तोंडून ऐकण्याची तिची इच्छा नव्हती. दुसरी शक्यता अशी, की मला खोटे ठरवण्यापेक्षा स्वतः खोटे ठरणे तिला सोपे वाटले. माझ्या घरात तिला त्याची सवय झाली असावी.

उरलेली पत्रे ठरल्याप्रमाणे रोज एक वाचली. शेळीने वजीरभाईंचे पेन्शनचे पुस्तक अर्धे खाल्ले, तो मजकूर बुधवारी आला. ‘आता निम्मी पेन्शन तिला द्यावी लागंल’, या वाक्यापाशी मला पाटाकडे पाहावेसे वाटले, म्हणून पाहिले.

पाचवे पत्र फक्त चार ओळींचे आहे. ‘अंजे, रागावलीस का? काय चुकलं सांग. मी येऊ का?’ हे वाचून झाल्यावर मी पाटासमोर बसून उत्तर दिले. काय दिले, ते लिहीत नाही.

सातव्यात आपण लिहिले आहे: ‘येऊन गेले गं. सर म्हटले झोपलीयस. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली पाचच्या गाडीपतूर बसले. वाटलं, उठलीस तर खिडकीतनं दिसंन. झोपल्यालं मानूस उठवू नये. म्हनून कृती लिहून धाडते, कुमुदच्या लग्नाला मी नसले जवळ तर तुला अडायला नको.’

कोपऱ्यावरचा लिंब आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत नाही. मी तपासून पाहिले. पडद्याचा कोपरा वर केला तरीही, फक्त रस्ता दिसतो.

कृती मिळाली. वड्या दोन दिवस सावलीत, मलमलीच्या फडक्याखाली वाळवायच्या. मग सुंठीची पूड आणि पिठीसाखर यांत घोळवायच्या, म्हणजे त्यांना घाम सुटत नाही. मगच बुडवायच्या. सुई काढल्यावर भोकावर चॉकलेटचा एक थेंब सोडून ते बुजवायचे. आपण शेवटी लिहिले आहे, ‘हे आकड्यात बसत न्हाई. बोटाला कळतंय.’

वाळवलेल्या बारा काल बुडवल्या. आज सकाळी बाराही कोरड्या आहेत.

मानसिंग घोरपडे

•

विश्रामबाग, सांगली
१४ फेब्रुवारी १९७८

मेहरुनबी,

कुमुद लग्नासाठी घरी आली. तिला सर्व सांगितले. पत्रे तिच्यापुढे ठेवली.

ती रडेल, किंवा मला काही बोलेल, अशी माझी तयारी होती. तिने सातही पत्रे वाचली, घड्या घालून ठेवली आणि विचारले, “आईला वाचून दाखवलीत ना?” मी होय म्हणालो. “मोठ्यानं?” मी पुन्हा होय म्हणालो. मग तिने पत्रांचा गठ्ठा सुतळीने बांधला. शेवटी म्हणाली, “आबा, मदुरेला गेल्यावर मी पत्र टाकीन. ते तुम्ही उघडाल ना?”



बुधवार, दि. २२ रोजी वाळवलेल्या सहाशे वड्या बुडवावयाच्या आहेत. वहिनींनी मुहूर्ताला पाच सवाशिणी हव्यातच असा आग्रह धरला आहे. मी या वेळी वाद घातला नाही. लग्नात कन्यादान माझे थोरले बंधू नानासो आणि वहिनी करतील. विधुराने त्या पाटावर बसू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणजे मुलीच्या लग्नात माझ्या हाताने होणारे काम हे एवढेच आहे.

आपण यावे, असे लिहिण्याचे धाडस मला होत नाही. कुमुदने लिहावयास सांगितले आहे, म्हणून लिहितो. आपण यावे.

फाटक सकाळपासून उघडे राहील.

मानसिंग घोरपडे

•

विश्रामबाग, सांगली
१२ मार्च १९७८

मेहरुनभाभी,

लग्न होऊन पंधरा दिवस झाले. कुमुदचे मदुरेहून पहिले पत्र आले. मी ते उघडले.

आपल्याशी प्रत्यक्षात जे बोलता आले नाही, ते लिहिण्यासाठी हे पत्र आहे.

त्या बुधवारी आपण रिक्षातून उतरलात. हातात चॉकलेटच्या लाद्यांची पिशवी होती. फाटक सताड उघडे होते. तरी आपण आत आला नाहीत. बाहेरच उभ्या राहिलात आणि मला विचारलेत, “सर, अंजना झोपलीय का जागी हाय?”

 आपण थोडा वेळ थांबलात. मग कुमुद धावत आली, तिने आपल्याला मिठी मारली आणि ओढत आत नेले. माझे उत्तर राहून गेले.

नंतरचे सर्व आपल्यासमोर घडले. चार सवाशिणी झाल्या होत्या, पाचवी येणार होती ती तापाने आली नव्हती. वहिनींनी आपला हात धरला आणि म्हणाल्या, “ही पाचवी.” कोणीतरी कुजबुजले, तेव्हा त्या म्हणाल्या, “का गं? हातात चुडा हाय, घरी दादला हाय. आनि काय लागतंय?” आपण लगेच म्हणालात, “दादला हाय, पर निम्मी पेन्शन शेळीला जाती.” त्या स्वयंपाकघरात इतक्या बायका एकदम हसल्या, की मी शेजारच्या खोलीत बसलो होतो तेथून भिंतीकडे पाहिले. टकटक केली नाही.

आपण माझ्याशी दिवसभर बोलला नाहीत, हे योग्यच होते. मी सुंठीत वड्या घोळवीत होतो, आपण सुईने बुडवीत होतात, कुमुद थेंब सोडून भोके बुजवीत होती. दुपारी आपण एक वडी उचलून माझ्यापुढे धरलीत.

“खावा.”

मी म्हणालो, “मला गोड...” आणि थांबलो.

“तीन वरसं झाली, सर. तुमच्या वाटणीची हाय.”

मी खाल्ली. आधी कवच मोडते आणि मंद कडू लागते, मग सुंठ लागते, आणि आपण आता सावरलो असे वाटते तोच आतले आले घशाशी चढते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. आल्याने येते तेवढेच ते होते, असे मी कुमुदला सांगितले. ती म्हणाली, “बरं, आबा.”

लग्नात वऱ्हाडी मंडळींनी वड्यांची पुडी उघडून पाहिली. कृष्णातच्या चुलत्यांनी एक वडी उजेडाकडे धरून, सोने पारखावे तशी फिरवून पाहिली आणि विचारले, “हे काळं काय म्हनायचं?” मी म्हणालो, “मुलीच्या आईने पाठवले आहे.” वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळले, की मी काय बोललो. त्यांनी वडी खाल्ली, डोळे पुसले आणि दुसरी पुडी मागितली.

निघताना एस.टी.च्या पायरीवरून आपण एवढेच म्हणालात, “मी अंजनाला लिवीन. तुमाला न्हाई.”

परवा साडेअकराला नाथाजी पोस्टमन आला. माझी आता सकाळची व्याख्याने संपवून घरी येण्याची वेळ होते. त्याच्या हातात पाकीट होते, पण तो ते देईना. “सर, वैनींच्या नावानं हाय. साताऱ्याचं. काय करू, परत धाडू का कालेजात...?” त्याने वाक्य पुरे केले नाही. मी हात पुढे केला.

पाट मांडला. पाकीट उघडण्यापूर्वी थोडा थांबलो. का, ते मला सांगता येणार नाही. मग मोठ्याने वाचले. शेळीला करडू झाले, नर. ‘चालतंय ताठ आन सारखं नाराज. म्हनून त्याचं नाव सर ठेवलंय.’

भाभी, मी या वाक्यापाशी थांबलो. पुढचे वाक्य दिसत होते, वाचता आले असते, पण वाचले नाही. समोरच्या माणसाचे हसू ओसरेपर्यंत आपण थांबतो, तसा थांबलो. किती वेळ, ते मोजले नाही. ओसरल्यावर पुढे वाचू लागलो.

पडदा मी आता सरळ करीत नाही.

आपण फाटकाशी जे विचारलेत, त्याचे उत्तर देण्यास मला तीन वर्षे लागली. जागी आहे. आपण केव्हाही यावे.

अंजनाचा,
मानसिंग